जुनी चांदीची वीट खरी की खोटी? फोन, किचनमधला काटा आणि एका चुंबकाची गोष्ट

रविवारी दुपारी आत्याने व्हॉट्सॲपवर दोन फोटो टाकले आणि खाली एवढंच लिहिलं, "बघून सांग रे, घेऊ का?" फोटोत काळपट पडलेली, कडा झिजलेली एक वीट होती. स्कूटरच्या सीटवर ठेवून फोटो काढलेला. विकणारा माणूस काकांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. त्याचं म्हणणं असं की पणजोबांनी राणीछाप रुपये आटवून ही चांदीची वीट करून घेतली होती, जुना वाडा पाडताना भिंतीतून निघाली, आणि आता भावाभावांत वाटणी करायची म्हणून विकायची आहे. वजन एक किलो. भाव बाजारापेक्षा पाव हिस्सा कमी.

आत्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या वर गेला तेव्हापासून आत्या रोज पेपरात तो आकडा बघते आणि "आधीच घ्यायला हवी होती" म्हणते. त्यामुळे पाव हिस्सा स्वस्त म्हटल्यावर तिने दोन एफडी मोडायची तयारी केली होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, माझा आणि धातूंचा संबंध फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये संपला. पण घरात "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" याचा अर्थ "तुला सगळं कळतं" असा असतो. म्हणून मी आठवडाभर वाचलं, मग आत्या-काकांबरोबर वीट बघायला गेलो, आणि एका क्षणी जवळजवळ "घे" म्हणून मोकळाही झालो होतो. ते कसं वाचलो ते सांगतो, कारण तुमच्याही घरच्या ग्रुपवर असा फोटो कधी ना कधी येणार आहे.

आधी प्रश्न दोन आहेत हे लक्षात घ्या

जुनी चांदी म्हटलं की आपण एकच प्रश्न विचारतो, खरी आहे का? पण ही चांदी आहे का, हा एक प्रश्न, आणि ही वस्तू जुनी आहे का, हा दुसरा. चांदी खरी असूनही शिक्के कालचे असू शकतात. आणि वस्तू खरंच तीनशे वर्षं जुनी असून त्यात चांदीचा कणही नसू शकतो.

दुसऱ्या प्रकाराचं झकास उदाहरण मादागास्करचं आहे. मे २०१५ मध्ये तिथल्या सेंट मेरी बेटाजवळ समुद्राच्या तळातून सुमारे ५० किलोची धातूची लादी वर काढली गेली. बॅरी क्लिफर्ड नावाच्या अमेरिकी शोधकाच्या टीमने जाहीर केलं की हा कॅप्टन किडच्या खजिन्यातला चांदीचा ठोकळा आहे. हा विल्यम किड म्हणजे तोच, ज्याने १६९८ मध्ये आपल्या मलबार किनाऱ्याजवळ 'क्वेदाह मर्चंट' नावाचं मालाने भरलेलं जहाज पकडलं आणि ज्याला १७०१ मध्ये लंडनमध्ये फाशी झाली. लादी समारंभपूर्वक राष्ट्राध्यक्षांसमोर ठेवली गेली, जगभर फोटो छापून आले. जुलैमध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांचा अहवाल आला. लादीत ९५ टक्के शिसं. चांदी नाहीच. जहाजाचा तोल राखायला तळाशी जे वजन टाकतात, ते ते होतं.

राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलेली वस्तू शिशाची निघते, तर स्कूटरच्या सीटवरची वीट काय चीज.

घरबसल्या फोनवर काय करता येतं

विटेच्या जवळ जाण्याआधी फोटोवर काम करा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. हाच फोटो दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला तर विषय तिथेच संपला. विटेवर नंबर किंवा शिक्का असेल तर तेवढा भाग कापून वेगळा शोधा. आणि दोन वेगवेगळ्या विटांच्या फोटोत तोच नंबर, किंवा त्याच जागी तोच खड्डा आणि तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाल्यात. खऱ्या जुन्या ओतीव वस्तूचे खड्डे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोघांचे सारखे नसतात.

आमच्या विटेचं लेन्सवर काहीच सापडलं नाही. याचा अर्थ ती खरी असा होत नाही, एवढाच होतो की फोटो नवीन आहे.

व्हिडिओ मागा. चालू तारखेचा पेपर शेजारी ठेवून, विटेच्या सहाही बाजू, आणि शेवटी वीट टेबलावर ठेवतानाचा आवाज. समोरचा "आधी दोन हजार टोकन टाका, खूप लोक मागे लागलेत" म्हणाला तर टाकू नका. टाकून बसला असाल तर लगेच १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकं बरं.

आणखी एक. चांदीवर बीआयएसचं हॉलमार्किंग भारतात २००५ पासून आहे, आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी चांदीच्या वस्तूंवर १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाला, तोही ऐच्छिक. तो नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो. नवीन वस्तू घेताना हे जरूर करा. पण पणजोबांच्या विटेवर बीआयएसचा त्रिकोण दिसला तर पणजोबांना भविष्य दिसत होतं असं म्हणावं लागेल.

आर्किमिडीज, किचनमध्ये

आता मुख्य टेस्ट. वीट न कापता, न खरवडता, आत काय आहे याचा अंदाज देणारी सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे घनता. चांदीची घनता १०.४९, म्हणजे एक घन सेंटीमीटर चांदी साडेदहा ग्रॅम भरते. तांबं ८.९६, पितळ साडेआठच्या आसपास, जर्मन सिल्व्हर पावणेनऊच्या आसपास (त्यात सिल्व्हर फक्त नावात असतं, आत तांबं, निकेल आणि जस्त), लोखंड ७.८७, जस्त ७.१. शिसं मात्र ११.३४, चांदीपेक्षा जड.

वजन कुणीही करतो. अवघड असतं ते आकारमान, कारण वीट वेडीवाकडी असते आणि पट्टीने मोजता येत नाही. इथे एक युक्ती आहे. किचनच्या डिजिटल काट्यावर पाण्याने भरलेला डबा ठेवा, बटण दाबून आकडा शून्य करा. आता वीट मजबूत दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात लटकत ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तितके घन सेंटीमीटर विटेचं आकारमान.

हे का चालतं? पाणी विटेला वर ढकलतं, आणि तेवढ्याच जोराने वीट पाण्याला खाली ढकलते. तो जोर म्हणजे विटेने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक घन सेंटीमीटर, त्यामुळे काटा सरळ आकारमानच सांगतो. विटेचं बाकीचं वजन तुमच्या हातात आणि दोऱ्यात असतं. मग कोरडं वजन भागिले हा आकडा, की घनता मिळाली.

तीन गोष्टी सांभाळा. विटेला बुडबुडे चिकटलेले असतात, ते बोटाने झटका, नाहीतर आकारमान जास्त आणि घनता कमी येते. दोरा बारीक घ्या. आणि काट्याची चूक किती हे आधी काढा. साध्या किचन काट्यावर एक ग्रॅमची पायरी असते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चूक गृहीत धरायची. एक किलोच्या विटेला हे चालतं. पण पन्नास ग्रॅमच्या नाण्याला किंवा निरांजनाला नाही, तिथे बुडवल्यावर आकडाच पाचेक ग्रॅम येतो आणि अर्ध्या ग्रॅमने उत्तर पार बदलतं. छोट्या वस्तूंना ०.१ किंवा ०.०१ ग्रॅमचा पॉकेट काटा लागतो, तो ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो.

जिथे मी फसणार होतो

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. बॅगेत काटा, प्लॅस्टिकचा डबा, दोरा आणि फ्रीजवरचं एक चुंबक. विकणाऱ्या दादांनी चहा दिला, वीट आणून ठेवली, आणि "बघा ना निवांत" म्हणाले. फ्रीजचं चुंबक लावलं, चिकटलं नाही. फोनवर 'फायफॉक्स' नावाचं ॲप होतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं हे फुकट ॲप फोनमधले सेन्सर उघडे करून देतं. त्यातला चुंबकीय सेन्सर आपल्याकडे मोकळ्या जागी साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला दाखवतो. विटेच्या कडेने फोन फिरवला, आकडा हलला नाही. म्हणजे आत लोखंडाचा गाभा नाही. (एक सूचना, खरं चुंबक फोनजवळ नेऊ नका, कंपास बिघडल्यासारखा वागायला लागतो आणि मग मॅप्समध्ये तुम्ही उलट्या दिशेला चालताना दिसता.)

मग पाणी. कोरडं वजन १००३ ग्रॅम. बुडवल्यावर ९७. भागाकार १०.३४.

आता इथे माझी हुशारी बघा. राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरियाचा रुपया, शुद्ध चांदीचा नसायचा. तो एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग मिश्र धातू, म्हणजे ९१.७ टक्के. (१९४० मध्ये ब्रिटिश सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४६-४७ पासून रुपया निकेलचा झाला.) मी तिथेच फोनवर हिशोब केला, ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं यांच्या मिश्रणाची घनता किती? उत्तर आलं १०.३४. दशांश चिन्हानंतरचे दोन्ही आकडे जुळले. माझ्या अंगावर काटा आला. आत्याला म्हटलं, "जुळतंय."

आत्याचा चेहरा असा खुलला की मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

काका मात्र म्हणाले, पेठेत जाऊन मशीनवर लावू. दादांनी ना केली नाही. सराफाच्या दुकानातलं मशीन क्ष-किरणांवर चालतं. वस्तूवर क्ष-किरण मारले की प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत टाकतो, ते मोजून मशीन टक्केवारी देतं. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर चांदी ९१.४ टक्के. घनता जुळली, मशीन जुळलं. काकांनी फोन काढून बँकेचं ॲप उघडलं.

दुकानातले सराफ काका साठीच्या पुढचे. त्यांनी वीट परत देताना सहज विचारलं, "ड्रिल मारून बघायचं का? आतला चुरा काढून टंच काढू." टंच म्हणजे शुद्धता. दादा लगेच म्हणाले, "नको शेठ, पुरातन वस्तू आहे, भोक पडलं तर किंमत जाते."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे. खऱ्या ऐतिहासिक विटेला भोक पाडणं चुकीचंच. पण ही वीट विकली जात होती चांदीच्या भावाने, तेही कमी भावाने. चांदी म्हणूनच घ्यायची असेल तर भोकाने काय जातं? आतला चुरासुद्धा चांदीच.

गंमत म्हणजे खऱ्या जुन्या विटांवर असे घाव असतातच. १६२२ मध्ये बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजातून १९८५ मध्ये चांदीच्या शेकडो विटा निघाल्या. त्यांच्यावर पारख करणाऱ्याने नमुन्यासाठी धातू खरवडून काढल्याचे खोलगट घाव आहेत, आणि संग्राहक ते मुद्दाम बघतात. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही वरवर बघून भागत नाही हे माहीत होतं.

सराफ काकांनी वाद घातला नाही. वीट दोन बोटांच्या टोकांवर तोलली आणि दुसऱ्या हाताने रुपयाच्या नाण्याने टिचकी मारली. 'थड.' मग आतून चांदीची एक छोटी वीट आणून तिला तशीच टिचकी मारली. 'टिंऽऽग', आणि आवाज रेंगाळत राहिला. "ही बोलते, ही बोलत नाही," एवढंच म्हणाले.

चुंबक चिकटत नाही, म्हणूनच कामाचं

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक गोल, जड चुंबक काढलं. स्पीकरमधलं असावं. चांदीचं एक ताट तिरकं धरून त्यावर चुंबक सोडलं. ते घसरलं, पण मधात बुडाल्यासारखं, हळूहळू. नंतर आमची वीट तेवढीच तिरकी करून त्यावर तेच चुंबक सोडलं. सुळ्ळकन खाली.

तिथे माझी ट्यूब पेटली. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण वीज वाहून नेण्यात सगळ्या धातूंत ती पहिली. धातूवरून चुंबक सरकलं की धातूत गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात, आणि ते प्रवाह चुंबकाच्या हालचालीला विरोध करतात. वीज जितकी चांगली वाहते तितका ब्रेक जोरात. चांदीत जोरदार, तांब्यात जवळपास तितकाच. शिशात वीज चांदीच्या तेराव्या हिश्शाने वाहते, त्यामुळे ब्रेक लागत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे विटेच्या आत चांदीही नव्हती आणि तांबंही नव्हतं.

हे फ्रीजच्या चुंबकाने होत नाही, ते फार कमजोर असतं. निओडिमियमचं चुंबक लागतं. जुनी खराब हार्ड डिस्क उघडलीत तर आत दोन मिळतील, नाहीतर ऑनलाइन मागवा. लहान मुलांपासून लांब ठेवा, गिळलं तर जिवावर बेततं.

मग घनता कशी जुळली? घरी येताना गाडीत मी हेच करत होतो. शिसं चांदीपेक्षा जड, कथील हलकं, घनता ७.२९. आकारमानाने तीन भाग शिसं आणि एक भाग कथील घेतलं तर मिश्रणाची घनता येते १०.३३. आम्ही इंजिनिअरिंगला सोल्डरिंगची जी तार वापरायचो ती याच दोन धातूंची असते. म्हणजे चांदीची घनता हवी तशी 'शिजवता' येते, आणि ज्याला राणीछाप रुपयाची गोष्ट सांगायची आहे तो ९१.७ टक्क्यांची घनता शिजवतो. त्या विटेच्या पोटात नेमकं काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण दादांनी वीट पिशवीत घातली आणि "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून निघून गेले. पण घनता, आवाज आणि चुंबक या तिन्हींत बसणारं उत्तर मला तरी हेच सुचतं.

मशीनला दोष देऊ नका. क्ष-किरणांचं मशीन पृष्ठभागाचे काही दशांश मिलिमीटरही बघत नाही, चांदीत ते मायक्रॉनचे काही दहाच्या आकड्यांत थांबतं. एवढ्या आकाराच्या विटेचा पृष्ठभाग असतो सुमारे १७० चौरस सेंटीमीटर. त्यावर ५० मायक्रॉन जाडीचा चांदीचा थर द्यायला लागते साधारण नऊ ग्रॅम चांदी. नऊ ग्रॅमच्या चांदीवर एक किलोचा व्यवहार. वर, खऱ्या जुन्या चांदीतही मशीनचा आकडा थोडा फसवा असतो. वर्षानुवर्षं पृष्ठभागावरचं तांबं गंजून निघून जातं आणि बाहेरची कातडी आतल्यापेक्षा शुद्ध दिसते.

व्हायरल टेस्टांचं काय

बर्फाची रील तुम्ही बघितली असेल. चांदीवर बर्फ ठेवला की झटक्यात वितळतो. खरं आहे, कारण उष्णता वाहून नेण्यातही चांदी पहिली. पण तांबं तिच्या फार मागे नाही, त्यामुळे चांदीचं पाणी दिलेलं तांबं ही टेस्ट आरामात पास होतं. शिसं आणि जर्मन सिल्व्हर मात्र नापास होतात. घनतेला उलटं आहे, तांबं तिथे लगेच पकडलं जातं आणि शिशाचं मिश्रण सुटतं. म्हणून एका टेस्टवर कधीच थांबायचं नाही, आणि दोन टेस्ट निवडताना वेगवेगळ्या गुणधर्मांच्या निवडायच्या. घनता आणि चुंबक ही जोडी मला सगळ्यात कामाची वाटते. दोन्हींत पास होणारा स्वस्त धातू शोधणं कठीण आहे.

आवाजाची टेस्ट नाण्यांना आणि पातळ पट्ट्यांना छान चालते. फायफॉक्समध्येच आवाज रेकॉर्ड करून त्याची वारंवारता बघता येते, खात्रीच्या नाण्याशी तुलना करा. पण जाड, ओबडधोबड, आत हवेचे बुडबुडे अडकलेली जुनी वीट खरी असूनही नीट वाजत नाही, त्यामुळे फक्त 'थड' आवाजावरून कुणाला खोटं ठरवू नका. काळं पडणं हा तर पुरावाच नाही. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते आणि ते काळेपण रसायनाने तासाभरात आणता येतं. ॲसिड टेस्ट घरी करू नका, नायट्रिक ॲसिड कातडी जाळतं आणि त्याची वाफ छातीला वाईट.

आणि 'जुनी'चं काय

समजा धातू खरा निघाला आणि समोरचा जुनेपणाचे जास्तीचे पैसे मागतोय. मग फोनचा मॅक्रो मोड काढा आणि शिक्के बघा. ठोकलेल्या शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि भोवतालचा धातू किंचित उचललेला दिसतो. साच्यातून ओतलेल्या नकलेत अक्षरं साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत, तळाशी गोलसर. विटेवर वजन कोरलेलं असेल तर काट्यावर टाकून जुळवा, हे साधं काम बरेच जण करत नाहीत.

चिनी 'सायसी' ऑनलाइन खूप विकायला असतात. होडीच्या आकाराचे हे चांदीचे तुकडे चीनमध्ये विसाव्या शतकापर्यंत पैसे म्हणून चालायचे. अफूच्या व्यापारात अशी चांदी मुंबई आणि कलकत्त्याकडेही आली. खऱ्या सायसीच्या वरच्या बाजूला चांदी थिजताना उठलेल्या बारीक लहरी असतात, तळाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असतात. या नावाचं मूळच 'बारीक रेशीम' या अर्थाच्या चिनी शब्दात आहे. 'दोनशे वर्षांपूर्वीचा सायसी, किंमत ९९९, फ्री डिलिव्हरी' अशी जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट काढा आणि मित्रांना हसायला पाठवा.

सगळ्यात भक्कम पुरावा धातूत नसून कागदात असतो. 'गेरसप्पा' नावाचं जहाज, जोगच्या धबधब्याचं जुनं नाव तेच, कलकत्त्याहून चांदी घेऊन ब्रिटनला निघालं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या नैऋत्येला ते बुडवलं. २०१२ आणि २०१३ मध्ये जवळपास पावणेपाच किलोमीटर खोलीवरून त्यातल्या २,७०० हून जास्त विटा वर काढल्या. त्या खऱ्या आहेत याबद्दल वाद नाही, कारण जहाजावर काय होतं, कुठे बुडालं, कुणी काढलं, याची नोंद आहे. आमच्या दादांकडे पणजोबांची गोष्ट होती, कागद एकही नव्हता.

आणि त्यांची गोष्ट खरी असती तर जास्त पंचाईत होती. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या असलेल्या बांधकामात लपवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं. हो, दहा रुपये, कायद्यात तोच आकडा आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणी पुरावस्तू ठरू शकतात आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. त्यामुळे "भिंतीतून निघाली" हे ऐकल्यावर आपण खूश होण्याऐवजी उठायला हवं होतं. ती खोटी असेल तर पैसे गेले, खरी असेल तर विकणं बेकायदा.

आत्याने शेवटी एफडी मोडल्या नाहीत. त्या सराफ काकांकडूनच थोडी चांदी घेतली, पक्क्या बिलावर, पूर्ण भावाने, आणि भावाबद्दल वाटेत दोनदा कुरकुर केली.

घरी पोहोचल्यावर मात्र तिने देव्हारा रिकामा करून सगळं माझ्यापुढे आणून ठेवलं. "आता हे पण बघ." मी पॉकेट काटा काढला. ताम्हन ठीक, फुलपात्र ठीक, लक्ष्मीचं नाणं ठीक. एक निरांजन ६२.४ ग्रॅम भरलं, पाण्यात ७.२. भागाकार ८.६७. जर्मन सिल्व्हर. ते तिच्या लग्नात आहेरात आलेलं. कुणाकडून, ते तिला पक्कं आठवत होतं, पण काका समोर बसले होते म्हणून तिने सांगितलं नाही.